बारा जणांचं मत आणि दोन गुडघे

७ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी लिहिणार. घडतंय ते महत्त्वाचं आहे आणि बायकोला सांगता येत नाही, म्हणून कुठेतरी नोंद हवी.

काल तिने शिवणकामातून साठवलेले चार लाख माझ्या हवाली केले. बावीस वर्षांचे फ्रॉक, पडदे आणि शाळेचे गणवेश. पायाने चालवायचं मशीन, त्यामुळे दोन्ही गुडघे गेले. सर्जन म्हणाले, सहा महिन्यांत बदलून टाका, एका गुडघ्याला दोन लाख. बायको म्हणाली, तोवर बँकेत ठेवीत टाका. मी हो म्हणालो.

ठेवीत टाकले नाहीत. ठेवीत साडू टाकतात. त्यांना आयुष्यात दुसरं काही जमलं नाही.

मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले. ४१२ भावाने ९७०. उगीच नाही, पूर्ण अभ्यास करून. या कंपनीवर दलाली पेढ्यांचे बारा अॅनालिस्ट लक्ष ठेवून आहेत. नऊ म्हणतात Buy, तीन म्हणतात Hold. Sell म्हणणारा एकही नाही. बारा महिन्यांचं सरासरी टार्गेट, म्हणजे भाव कुठवर जाईल याचा त्यांचा अंदाज, ६१०, सगळ्यात वरचं ७८०. म्हणजे अठ्ठेचाळीस टक्के वाढ तर कुठे गेली नाही. दोन गुडघे, स्वतंत्र खोली, वर घरी येऊन व्यायाम करून घेणारी बाई. साडूंना भेटायला बोलवायचं ते स्वतंत्र खोलीतच.

३६० उरले. त्यातून ही वही घेतली.

१३ जानेवारी, रविवार
भाव ४०५. आज बाजार बंद, त्यामुळे आज तो पडू शकत नाही. रविवार हा चांगला दिवस आहे हे इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं.

संकल्प: दिवसातून एकदाच भाव बघायचा.

१ फेब्रुवारी, शुक्रवार
ऑफिसात वार्षिक गोपनीय अहवाल लिहायचे दिवस. माझ्या हाताखाली अकरा माणसं. नऊ जणांना ‘उत्कृष्ट’, एकाला ‘अतिशय चांगला’. भांडारातल्या कारकुनाला ‘चांगला’ दिलं, कारण तो दुपारी दोन ते चार खोक्यांच्या मागे झोपतो आणि ते साहेबांनी स्वतः पाहिलंय.

तो तासाभरात पांढराफटक चेहरा घेऊन टेबलाशी आला. सर, मला काढणार आहात का, असं विचारत होता. मी म्हटलं, अरे, ‘चांगला’ लिहिलंय. तो म्हणाला, तेच तर. ‘चांगला’ म्हणजे काय ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी खोडून ‘अतिशय चांगला’ केलं. सव्वीस वर्षांत मी कोणाला वाईट लिहिलेलं नाही. रोज तोंड बघायचं असतं, एका टेबलावर डबा खायचा असतो.

भाव ३९०. पाच वेळा पाहिला.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
कंपनीचे तिमाही आकडे आले. नफा कमी. भाव ३७१. प्रसाधनगृहात जाऊन फोन उघडला आणि तिथेच बराच वेळ बसलो. बाहेरून कोणीतरी विचारलं, बरं आहे ना.

बरंच आहे. नऊपैकी दोन अॅनालिस्ट Buy वरून Hold वर आले. Hold म्हणजे धरून ठेवा. मी धरूनच ठेवलंय, म्हणजे तज्ज्ञांचं आणि माझं एकमत आहे.

सरासरी टार्गेट ५६० केलंय. वरवर पाहता वाईट. पण गणित केलं: ३७१ वरून ५६० म्हणजे एक्कावन्न टक्के वाढ. महिन्यापूर्वी अठ्ठेचाळीसच होती. म्हणजे भाव पडल्याने माझा होणारा फायदा वाढला आहे. हे दोनदा करून पाहिलं. उत्तर तेच येतं.

८ मार्च, शुक्रवार
बायकोने ठेवीची पावती मागितली. कपाटात तिच्या कागदांबरोबर ठेवायची म्हणे. मी म्हटलं, हल्ली पावती देत नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर असतं. ती म्हणाली, मागच्या महिन्यात भाऊजींना दिली की. भाऊजी म्हणजे साडू. हा माणूस न येता सुद्धा घरात येतो.

मी म्हटलं, त्यांची बँक जुनाट आहे.

झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे तर चार लाखांची. निदान होती. भाव ३४४.

९ मार्च, शनिवार
आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. बायको जिना चढताना कठड्याला धरून एकेक पायरी घेते. दोन पाय एका पायरीवर, मग पुढची. मी आत बसून ऐकतो. आधी मोजत नसे. चोपन्न आहेत.

संकल्प: ५०० आला की विकायचं. हाव नको.

२९ मार्च, शुक्रवार
भाव २९८. टार्गेट ४७०. अठ्ठावन्न टक्के वाढ. इतकी चांगली संधी जानेवारीत नव्हती. जेवण गेलं नाही.

संकल्प बदलला. ४१२ आला की विकायचं. फायदा नको, मुद्दल पुरे. भीक नको पण कुत्रा आवर.

आज ७८० वाल्या अॅनालिस्टचा रिपोर्ट मुळातून वाचायचं ठरवलं. आतापर्यंत फक्त आकडा पाहिला होता. रिपोर्टवरची तारीख पाहिली. पंधरा महिन्यांपूर्वीची. नाव शोधलं. त्या गृहस्थांनी नोकरी सोडलीय, आता ते कुत्र्यांना शिस्त लावायचे वर्ग घेतात. फोटोत खूप आनंदी दिसतात.

त्यांचं टार्गेट अजून सरासरीत धरलं जातं. म्हणजे माझ्या चारशे सत्तरातला काही भाग कुत्र्यांवर अवलंबून आहे.

हे कोणाला विचारायचं? साडूंना विचारू शकत नाही.

१७ एप्रिल, बुधवार
भाव २६१. बायको सर्जनकडे जाऊन आली. मी रजा टाकून बरोबर गेलो, नाहीतर ती पैशांबद्दल काही बोलेल अशी भीती होती. मी बरोबर असूनही बोललीच. म्हणाली, पैसे तयार आहेत, ह्यांनी बँकेत ठेवलेत. सर्जन माझ्याकडे बघून हसले. मी म्हटलं, घाई करू नये, आणखी कोणाचं मत घ्यावं. सर्जन म्हणाले, जरूर घ्या. बायको म्हणाली, कशाला, डॉक्टरांनी हाताने दाबून पाहिलंय, फोटो काढलाय, मला चालायला लावलंय, आणखी कोण काय वेगळं सांगणार.

घरी येताना रिक्षात, त्या बारा जणांपैकी कितीजणांनी त्या पंपाला हात लावला असेल, असा एक विचार मनात आला. तो काढून टाकला.

तारीख ठरली. १० जून.

२ मे, गुरुवार
ऑफिसात अहवालांच्या प्रती वरून सही होऊन परत आल्या. फायलीला लावत होतो. उत्कृष्ट, उत्कृष्ट, उत्कृष्ट. एकाने गोदामाची किल्ली दोनदा हरवली, तो उत्कृष्ट. एकीला बेरीज येत नाही, ती उत्कृष्ट. तिचा नवरा साहेबांच्या ओळखीचा.

मग भांडारातला आला. अतिशय चांगला. तो त्या क्षणी खोक्यांच्या मागे झोपला होता.

मी कागदांना भोकं पाडायचा पंच हातात धरून बसून राहिलो. आमच्या ऑफिसात वाईट माणूस एकही नाही. माझ्या कंपनीला Sell म्हणणारा एकही नाही. त्यांनाही त्या कंपनीच्या लोकांबरोबर बसायचं असणार, चहा घ्यायचा असणार, पुढच्या वेळी आत सोडायला हवं असणार. आणि कोणी Hold म्हणाला की तिथेही कोणीतरी पांढराफटक चेहरा घेऊन टेबलाशी जात असणार.

छे. ते शिकलेले लोक आहेत. टाय लावतात. ऑफिस वेगळं आणि बाजार वेगळा.

भाव २४०. मला खूप भीती वाटते आहे. हे इथे लिहायला हरकत नाही.

२० मे, सोमवार
तेरावा अॅनालिस्ट उगवला. आल्या आल्या Sell. कारखाना, गोदाम, जुनी देणी, सगळं लिहिलंय त्याने. भाव एका दिवसात २४० वरून २०६. दुष्काळात तेरावा म्हणतात तो हा. इतके दिवस कुठे होता?

बाकीच्यांनी सायंकाळपर्यंत सरासरी टार्गेट ३३० वर आणलं. भाव पुढे चालतो आणि हे मागून पिशवी घेऊन चालतात. मी सवयीने गणित केलं. साठ टक्के वाढ.

कॅल्क्युलेटर खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही.

३ जून, सोमवार
आठवडा राहिला. भाव २०६ वरच. दवाखान्यातून फोन आला, शुक्रवारपर्यंत पैसे भरा. फोन बायकोने घेतला. ह्यांना सांगते म्हणाली.

बायकोला कसं सांगायचं याचे तीन मार्ग काढले. पहिला, टप्प्याटप्प्याने. दुसरा, बँक बुडाली असं. तिसरा, आजारी पडायचं. तिसरा आपोआप जमतोय.

५ जून, बुधवार
सांगितलं.

ती मशीनवर होती. कोणाचा तरी पडदा शिवत होती. मी अॅनालिस्टपासून सुरुवात केली. बारा जण, सरासरी, टार्गेट, सगळं नीट समजावून सांगितलं. ती पडदा सरकवत राहिली. शेवटाला आलो तेव्हा मशीन थांबलं. तिने विचारलं, किती उरलेत. मी म्हटलं, निम्मे.

ती रडेल असं वाटलं होतं. ओरडेल असंही वाटलं होतं. दोन्हीची तयारी केली होती. तिने पडदा पूर्ण केला, दोरा तोडला, घडी घातली. मग म्हणाली, आणि त्या बारा जणांपैकी कोणाचे पैसे होते का त्यात. मी म्हटलं, रिपोर्टात तसं काही दिलेलं नसतं. ती म्हणाली, हं.

त्यानंतर ती स्वयंपाकघरात गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही. नळ चालू होता. मी आत गेलो नाही. जायला हवं होतं.

६ जून, गुरुवार
सकाळी ती म्हणाली, विका. मी म्हटलं, थोडं थांबलो तर. तिने फोन माझ्या हातात दिला. विकले. १,९९,८२० आले, दलाली वेगळी. दोन लाखांना जे कमी पडले ते मी पाकिटातून घातले. संपूर्ण व्यवहारात माझ्या स्वतःच्या खिशातून गेलेले एवढेच.

तिने सर्जनना फोन केला. म्हणाली, आता एकच गुडघा करू. कोणता, ते डॉक्टर तिलाच विचारत होते.

८ जून, शनिवार
साडूंचा फोन. एकच का, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, ते असं झालं की. बायकोने फोन काढून घेतला आणि म्हणाली, भाऊजी, डॉक्टरच म्हणाले, एकदम दोन्ही नकोत, माझं वय झालं. ह्यांची दोन्हींची तयारी होती. फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

मग म्हणाली, उजवा करून घेते. मशीनचा जोर उजव्या पायावर असतो. तो बरा झाला की पुन्हा गणवेश घेता येतील, त्यातून डाव्याचे सुटतील.

मी म्हटलं, बरं.

पाणी आणायला ती उठली, एक हात टेबलावर, एक भिंतीवर. डाव्याला किती वर्षं लागतील ते तिने सांगितलं नाही. मला विचारायचं धाडस झालं नाही.