गोधडीच्या पोटातला बोंबील

बाई,

आत्ताच ठाण्याहून आले. हात साबणानं धुतले, मग लिंबानं चोळले, मग पुन्हा साबणानं धुतले, तरी बोटांना वास आहेच. त्यात बोंबील आहे, साबण आहे आणि त्या हॉलमध्ये ज्याचा मारा केला होता ते लव्हेंडरही आहे. तिघांचा समास झालाय आणि विग्रह करायला बसले तर मळमळेल. तुम्ही आम्हाला नऊ रस शिकवलेत तेव्हा बीभत्सापाशी थांबला नाहीत. शृंगाराला कितीतरी शनिवार दिलेत, करुणालाही दिलेत, आणि बीभत्स एका वाक्यात उरकलात. 'याला शिकवणी लागत नाही, नाक असलं की पुरे,' असं म्हणून अद्भुताकडे वळलात. थांबायला हवं होतं असं आज वाटतं. नाकाला येते ती किळस अगदी बालवाडीतली. तिच्या पुढची एक असते, तिला नाक लागत नाही आणि ती धुऊन जात नाही. ती सांगायला बसले आहे. तुम्हाला जाऊन आता फार वर्षं झाली, पण किळस सांगायला जिवंत माणूस नको वाटतो. तो लगेच सल्ला देतो.

तुमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत जेवढी जमीन होती तेवढी गोधडीनं व्यापलेली असायची. आम्ही मुली तिच्या कडांवर बसायचो, कारण कापड सरकू नये म्हणून वजन लागायचं आणि ते व्हायला आम्ही तयार होतो. आम्ही शब्द चालवतो आहोत, तुम्ही सुई चालवता आहात, मधेच कुणाची विभक्ती चुकते, तुम्ही मान वर न करता ती दुरुस्त करता आणि त्याच दमात दोरा तोडता. मी संस्कृतबरोबर धावदोरा शिकले तो असा. माझे टाके बघून तुम्ही म्हणालात, 'मुंग्यांची रांग हवी. तुझा मोर्चा निघालाय.' सगळं उसवायला लावलंत. मग एके दिवशी गोधडी संपत आली, एका कडेला हातभर तोंड उघडं राहिलं, आणि तुम्ही उठून रात्रीच्या भाकरीचा एक तुकडा तव्यावर टाकलात. तो पापडासारखा कडक होईपर्यंत भाजलात, पांढऱ्या चिंधीत गुंडाळलात, आत सरकवलात आणि तोंड शिवून टाकलंत. मी म्हटलं, 'बाई, मुंग्या लागतील.' तुम्ही म्हणालात, 'लागू देत. हिच्या पोटात घास न घालता हिला दुसऱ्याच्या अंगावर पाठवायचं नाही.' मी कारण विचारलं. 'मीही माझ्या आईला विचारलं होतं. तिनं मला तांदूळ निवडायला बसवलं,' म्हणालात, आणि तांदळाचं ताट माझ्यासमोर ठेवलंत.

आता माझं ऐका. शाळेत संस्कृतचे तास आटत आटत कार्यानुभवाच्या तासांएवढे झाले, तेव्हा मी ती नोकरी सोडली आणि गोधड्या शिकवायला लागले. बाहेर पाटीवर 'आर्ट क्विल्ट आणि मिक्स मीडिया' असं लिहिलंय. तुम्ही पाटी वाचून 'म्हणजे ठिगळंच ना?' असं विचारलं असतंत हे मला माहीत आहे, आणि हो, ठिगळंच. फक्त आता ठिगळ कापडाचंच असावं लागत नाही. वापरलेल्या चहाच्या पिशव्या, गोळ्यांच्या पाकिटांचा चंदेरी कागद, गंजलेले वॉशर, भाजीची जाळी, जुने एक्स-रे असं काहीही चालतं. त्यातही एक शास्त्र आहे. एक्स-रेच्या फिल्ममध्ये आधी दाभणानं भोकं पाडून घ्यावी लागतात, आणि ती फार जवळ पडली तर फिल्म तिकिटासारखी फाटून हातात येते. चंदेरी कागद उघडा ठेवला तर अंगाला बोचतो, म्हणून त्यावर नेटचा पदर घालायचा. मी हे सगळं नीट शिकवते. शेवटच्या तासाला तुमची भाकरीची गोष्ट सांगते, आणि दर वेळी कुणीतरी डोळे पुसतं. ती गोष्ट मला फार छान सांगता येते, बाई. इतकी छान की ऐकताना माझं मलाच संशयास्पद वाटायला लागलंय.

किळसेची सुरुवात तिथूनच झाली म्हणायची. बायका दुकानातून कोरं सुती कापड आणतात, चहात बुडवून जुनं करतात आणि त्याला 'आजीची साडी' म्हणतात. एकीला मी विचारलं, 'आजी कुठल्या तुमच्या?' ती म्हणाली, 'अहो मॅडम, आजी नऊवारी नेसायचीच नाही, ती गाऊनमध्ये असायची. पण गाऊन काय लावणार?' दुसरी घोडबंदरहून गाडीनं येते. तिनं भाकरीचा तुकडा रेझिनमध्ये बुडवून काचेसारखा चकचकीत करून आणला. घास टिकाऊ झाला आणि खाण्याजोगा उरला नाही. मी 'वा' म्हटलं. फी भरलेल्या बाईला काय म्हणायचं हे तुमच्याकडे शिकायचं राहून गेलं.

या सगळ्यांत एकजण दिवा स्टेशनाहून यायची. वर्गात तिला 'दिव्याची' एवढंच म्हणतात. पन्नाशीची आहे, एका पतपेढीत नोकरी करते, मूळची रत्नागिरीकडची. तिची आई गेल्या वर्षी गेली. आईच्या साड्या, आईच्या छातीचा एक्स-रे, तिच्या गोळ्यांची पाकिटं, आणि टँकरची वाट बघत ज्याच्यावर बसायची त्या पाण्याच्या निळ्या पिंपाच्या झाकणावरच्या कापडाचे तुकडे, यांची तिनं गोधडी केली. सुरुवातीला तिचे टाके माझ्या मोर्चाच्याही वरताण होते. पण मधोमध तो एक्स-रे, वर नेटचा पदर आणि भोवती साड्यांचे फिकट चौकोन, असं ते बसलं, तेव्हा माझ्या वर्गात इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीच 'सो नाइस' म्हटलं नाही.  गोधडी जमलीये हे तिलाही कळलं होतं.

टेंभी नाक्याजवळ एका शोरूमच्या वर हॉल आहे. तिथे आमच्या वर्गाचं प्रदर्शन ठरलं. नवरात्राच्या मांडवाचे बांबू खाली रस्त्यावर येऊन पडायला लागले होते, आणि वरच्या भिंतीवर माझी भाकरीची गोष्ट हाताएवढ्या अक्षरांत लागली होती. शेजारी सोनेरी रंगात 'आमच्या आज्या गोधडीला जेवू घालत' असं होतं. मांडणी करणारी मुलगी चुणचुणीत आहे, सगळ्यांना मॅम म्हणते. धूळ बसू नये म्हणून तिनं सगळ्या गोधड्या आठवडाभर प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये तोंड बांधून ठेवल्या. बाई, गोधडी ऊन खाते, वारा खाते, माणसाच्या अंगाखाली चुरगळते, म्हणून तिच्या पोटातला घास कडक राहतो. पिशवीत कोंडलं की घाम येणारच. आज सकाळी तिचा फोन आला. 'मॅम, ॲक्चुअली एका पीसमधून स्मेल येतोय. खूप येतोय.'

मी पोचले तेव्हा दिव्याचीही आली होती. सुट्टी काढून, चांगली साडी नेसून. संध्याकाळी तिचा भाऊ, वहिनी आणि पतपेढीतली माणसं यायची होती. हॉलमध्ये वास होताच. मी नाक धरून डोंबिवलीत आयुष्य काढलं. कारखान्यांचा तो सडक्या अंड्यांचा वास आला की आम्ही फक्त खिडकी लावतो आणि पुढचं वाक्य बोलतो, पण बोंबलाचा वास आला आणि मी रुमाल नाकाला लावला. माझ्या घरी मासळी शिरलेली नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे माझं नाक त्या मुलीच्या बाजूचं होतं, हे आधीच सांगून टाकते.

मी विचारलं, 'तुम्ही आत काय घातलंत?'

'सुका बोंबील. भाजून. तुम्हीच सांगितलेलं ना मॅडम, पोटात घास घालायचा.'

'मी भाकरीबद्दल बोलत होते.'

'आईला भाकरी कुठे आवडायची.'

 मुलगी मधे पडली. ती म्हणाली, 'आंटी, समजून घ्या ना. आपण तो बाहेर काढू आणि त्या दुसऱ्या पीससारखं रेझिनचं काहीतरी आत घालू. व्हिजिटर्सना आत काय आहे ते थोडीच दिसतं?' मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून म्हणाली, 'रोटी असती तर चाललं असतं, मॅम. हे नॉनव्हेज आहे ना. इथे सगळ्या टाइपचे लोक येतात.' हे ती त्या सोनेरी अक्षरांखाली उभी राहून म्हणाली. बाई, हीच ती दुसरी किळस. गोष्ट हवी, भिंतीवर लावायला हवी, फोटोला हवी. पण कुणीतरी ती खरी मानून आपल्या आईला जे आवडायचं तेच शिवलं, की लव्हेंडर फवारायचं.

मग त्या मुलीनं टाके कापायची उसवणी माझ्या हातात दिली. 'तुम्ही केलंत तर त्यांना बरं वाटेल.' मी गोधडी टेबलावर घेतली आणि बोटांनी चाचपलं. एक्स-रेच्या खाली, फुप्फुसांच्या जरा डावीकडे, तो तुकडा लागला. ओलसर होता. तेवढ्यात दिव्याचीनं तिथेच हात ठेवला, माझ्या हातावर नाही, त्याच्या शेजारी.

'शेवटी डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं,' ती म्हणाली. 'रोज मागायची. एक तुकडा भाज गो, एवढुसा. मी रोज नाही म्हणायचे. वर ओरडायचे, की तुला जगायचंय की नाही. आता तिच्या पोटातून परत काढू?'

ती रडली नाही. मुलगी मोबाइलकडे बघू लागली. मी म्हटलं, 'उसवायचं नाही.' मुलगी म्हणाली, 'मग पीस काढावा लागेल, मॅम. सॉरी.' आणि मी म्हटलं, 'काढा.' किती चटकन म्हटलं. दिव्याचीला विचारलंही नाही. तिची गोधडी, तिची आई, संध्याकाळी तिची माणसं यायची, आणि तत्त्व माझं. तिनं क्षणभर त्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग घडी घालायला लागली. एक्स-रे घडीत कडकड वाजत होता. मी टोक धरायला गेले तर म्हणाली, 'राहू दे मॅडम, तुम्हाला वास लागेल.' तो आधीच लागला होता. खिळा रिकामा राहिला नाही. घोडबंदरच्या बाईंची रेझिनची भाकरी तिथे लगेच चढली.

खाली बांबूंमधून वाट काढत मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले. मी म्हटलं, 'भावाला काय सांगाल?' ती म्हणाली, 'घरी या म्हणून सांगेन. पाणी आलं तर चहा देईन.' मग हसली. 'अंगावर घ्यायचीच होती हो. भिंतीवर टांगायला थोडीच शिवलेली. पण एक संध्याकाळ लागली असती तर बरं वाटलं असतं.' गोधडी मांडीवर घेऊन ती बसली. रिक्षावाल्यानं मागे वळून नाक मुरडलं. ती त्याला म्हणाली, 'चल रे, बाजार केलाय असं समज.'

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. एखाद्या गोधडीत शिवून टाकावं असं कुणालाही सुचलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असतात, 'कागद कशाला घालतेस, पहिल्या धुण्यात लगदा होईल.' म्हणून इथेच थांबते. एवढंच राहिलंय की रिक्षाकडे जाण्याआधी त्या मुलीनं मला थांबवलं होतं. 'मॅम, तुमच्या पीसमध्ये काय आहे? जस्ट कन्फर्म करायचं होतं.' माझी गोधडी मधल्या भिंतीवर आहे, सगळ्यांत मोठी, गोष्टीच्या बरोबर खाली. मी म्हटलं, 'काही नाही.' मुलगी म्हणाली, 'थँक गॉड.' दिव्याची बघत होती. तिनं विचारलं, 'तुमची रिकामी, मॅडम?' मी तिला सांगितलं की प्रदर्शनाची म्हणून मुद्दाम तशी ठेवली, वाळवी लागू नये, जाणीवपूर्वक. जाणीवपूर्वक हा शब्द मी खरंच वापरला. तिनं मान डोलावली. उद्या, प्रदर्शनाच्या दुसऱ्या संध्याकाळी, माझ्या त्या गोधडीपुढे उभं राहून मला परंपरेवर बोलायचं आहे आणि मी जाणार आहे.

मुद्दाम रिकामी ठेवली नव्हती, बाई. विसरले होते.