पेस्टीच्या कोपऱ्यातला गळ

१२ एप्रिल १८९६
विसरलास ना रे कागदा? काल एवढं सांगितलं, आज पुन्हा कोरा! अक्षरं सगळी तुझ्याकडे, लक्षात मात्र मीच ठेवायचं. तर पुन्हा ऐक. माझा जोसाया तिसऱ्यांदा निवडणुकीला उभा आहे. दहाव्या वर्षी तांब्याच्या खाणीत उतरलेलं पोर — आता ॲडलेडच्या विधानसभेत बसतं. खाणीतली धूळ अजून छातीत आहे. तिथे मध्यरात्रीपर्यंत भाषणं, वर खाणावळीचं जेवण. खोकला वाढलाय. या खेपेला पडला तर बरं. घरी तरी येईल!
मी सांगते ते नात लिहून घेते; इथे ती थबकली. "आजी, काहीतरीच तुझं!" थिर्झा, तू लिही.

१८ एप्रिल
चॅपलपुढे सभा. कोणीतरी अंडं मारलं. जोसाया कोट पुसत म्हणाला, "आमच्या आईच्या कोंबड्या याहून ताजी देतात." मागून एक ओरडला, "बायकांना मताचा हक्क देऊन बसलास, आता आईनेच पाडलं तर?" सगळे हसले. मी नाही.

२४ एप्रिल
उद्या मतदान. बायकांचं पहिलंच. त्यासाठी जोसाया किती भांडला! थिर्झा विचारते, "वाचता येत नाही, मामाचं नाव ओळखशील कशी?" अगं, त्याच्या नावाचं पहिलं अक्षर, 'J', येतं मला — मासे धरायच्या गळासारखं वाकडं. त्याच्या पेस्टीला, त्या मांस भरलेल्या मोठ्या करंजीला, मुरड घातली की कोपऱ्यात मी तेच काढायचे. खाणीत अर्धी खाऊन ठेवली तर दुसऱ्याने उचलू नये म्हणून.
उद्या तो गळ सोडून दुसरीकडे फुली. ठरलं.

२५ एप्रिल
गळ दिसला. दुसऱ्या नावावर फुली मारायची म्हणजे पोराची पेस्टी परक्याच्या हातात द्यायची!
नाही जमलं.

२९ एप्रिल
निवडून आला. "आई, कोणाला दिलंस मत?"
"गुप्त असतं म्हणे. कायदा तुमचाच ना?"
हसता हसता खोकला लागला. पाठीवरून हात फिरवला. हाडं लागली हाताला.

२ मे
गाडी सुटताना खिडकीतून कानाशी वाकला. "आई, मी मत विरुद्धच्याला दिलं. घरी यायचं होतं गं."
थिर्झा, डोळे पूस नि लिही — सोमवारच्या गाडीने त्याला पेस्ट्या पाठवायच्या. मांस भरपूर, मिरी कमी, छातीला लागते. मुरड तू घाल. गळ मी काढीन.