डाळीतले खडे अन् साहेबाचा शब्द

अकोला, माघ वद्य पंचमी, शके १७८५

तीर्थरूप मायच्या पायावर उकंड्याचं डोकं.

माय, मी खुशाल हाये. पोटभर जेवून राहिलो. अन् मले कापसाच्या वखारीत नोकरी लागली.

तिथल्या गोऱ्या साहेबानं नोकरी देण्याआधी कापसाचा ढीग पुढं टाकून पारख करायले लावली. बाकीच्या गड्यांनी उभ्यानंच कापूस चुरगाळून पाहिला. मी मात्र डाळ निवडतो तसा मांडी घालून बसलो, पाला-कचरा येगळा केला अन् सांगितलं, पयल्या वेचणीच्या कापसात तिसऱ्या वेचणीचा हलका कापूस मिसळला हाये. ते खरं निघालं.

साहेब लय खुश झाला. दुभाष्या मुनशीच्या तोंडून म्हणाला, आमच्या इंग्रजीत प्रयत्न करण्याले ‘ट्राय’ म्हणतात. तो शब्द जुन्या फ्रेंच बोलीतून आला, अन् तिथं त्याचा अर्थ होता निवडणं, चांगलं-वाईट येगळं करणं. मले आपल्या घरचं सूप आठवलं.

तुले दिसत नाही म्हणून मी सूप घेऊन बसायचो, तवा बा म्हणे, बायकांचं काम सोड, काही प्रयत्न कर. त्याले सांग, तोच करत होतो.

पण माय, आता तुह्या डाळीतले खडे कोण निवडते?

तुहा उकंडा