ठाण्याचा पंखा आणि चारचा कंडेन्सर

पप्पा, आज वर्गात मी मुलांना कपॅसिटर शिकवला. पुस्तक बाजूला ठेवलं आणि तुमचा पोह्यांचा डबा काढला. इस्राएलात, लोद गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात, मलिद्याच्या प्रार्थनेच्या आदल्या दिवशी, तुम्ही तो माझ्यापुढे दणकन ठेवला होता. "हा कंडेन्सर," म्हणालात. कपॅसिटर हा शब्द तुम्ही शेवटपर्यंत तोंडात घेतला नाही. "आत मावले ते पोहे म्हणजे चार्ज. हातानं दाबतो तो दाब म्हणजे व्होल्टेज. डबा मोठा असला तर तेवढ्याच दाबात पोहे जास्त. समजलं?" मी हिब्रूत "बेसेदर", ठीक आहे, म्हटलं. पंधरा वर्षांची होते, मला सगळंच समजलेलं असायचं.

दादा आर्मीची वर्षं पुरी करून घरी आला म्हणून देवाचे आभार मानायला पोहे-फळांच्या ताटाचा मलिदा होता, घरभर पाहुणे येणार होते, आणि तुम्ही ठाण्याहून आणलेला पंखा नुसता गुणगुणत होता. झाडूच्या दांड्यानं ढकलल्याशिवाय फिरेना. "कंडेन्सर गेलाय. तूच बदल," म्हणालात आणि तुमचा टेस्टर मला कायमचा देऊन टाकलात. केवढी मिरवले मी! दुकानात अडीच मायक्रोफॅरडचा नव्हता, चारचा होता. मोठा तेवढा चांगला, असं म्हणून मी तोच आणला. मेन स्विच बंद केला, जुन्याच्या वायरी एकमेकींना टेकवून उरलासुरला चार्ज काढला, अगदी तुम्ही ओरडून शिकवलं होतं तसा, आणि नवा बसवला.

दुसऱ्या दिवशी पंखा असा सुटला, की पोह्यांवरचं खोबरं मावशीच्या मांडीवर आणि प्रार्थना म्हणणाऱ्या काकांच्या डोक्यावरची किप्पा टोपी फळांच्या ताटात. "माझ्या पोरीनं रिपेर केला!" तुम्ही सगळ्यांना सांगत होतात. आठवड्यात मोटर जळली. वास येताच मला कळलं: डबा मोठा, पोहे जास्त, मोटरला झेपले नाहीत. पण मी नुसत्या खिडक्या उघडत सुटले. तुम्ही पंखा उतरवलात, उघडून बराच वेळ पाहिलात आणि म्हणालात, "इकडचा व्होल्टेजच हरामी! ठाण्यात वीस वरसं चालला." पुढे येईल त्याला तेच ऐकवलंत.

व्होल्टेज दोन्हीकडे सारखाच असतो, हे मी वर्षभरात शिकले. जन्मभर वायरिंग केलेल्या माणसाला ते ठाऊक नसेल, असं मला खुशाल वाटत राहिलं. तुम्ही गेल्यावर तुमची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी फडक्यात तो चारचा कंडेन्सर होता, त्यावर चिकटपट्टी, आणि तुमच्या अक्षरात: "अडीच पाहिजे होता." आधी पोट धरून हसले, मग रडले.

हे पत्र त्याच पेटीत ठेवते. दादा अजून त्या पंख्याची आठवण काढतो, पप्पा, आणि मी अजून व्होल्टेजचंच नाव घेते.