आतल्या खोलीतलं तारण

११ मार्च

प्रिय ताई,

सादर नमस्कार. तू आणि भावोजी सुखरूप असाल असं धरून चालतो. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण भाषण करणाऱ्याला गुडघा लागतो कुठे?

बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. मी त्यांची बाजू घेतली नाही, आणि तुझीही नाही. ते असो.

घराचं सांगतो. गेल्या आठवड्यात चौकात सभा घेतली आणि बाबांच्या सावकारीची सगळी येणी जाहीरपणे सोडून दिली. सभा रंगली. म्हणालो, व्याज कधी झोपत नाही. कर्जदार झोपला तरी ते जागं असतं, तो आजारी पडला तरी ते धडधाकट असतं, तो मेला तरी त्याच्या पोरांच्या अंगाखांद्यावर खेळत असतं. किती धर्मांनी त्याला पाप म्हटलं! आणि काही देवळांनीच कर्जं वाटली. राजांनी दरबारात सावकारांना शिव्या घातल्या आणि लढाईच्या आधी मागच्या दाराने त्यांच्याकडेच गेले. टाळ्या थांबेनात.

खाली उतरलो तर समोर शिंपीकाका. म्हणाले, "येणी सोडलीस, बरं झालं. पण आमचं तारण?"

ताई, तुला हे ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण आपण दोघांनी ते कधी उच्चारलेलं नाही. "मी कुणाच्या घरातलं भांडं उचललं नाही," असं बाबा अभिमानाने सांगत, आणि ते खरं होतं. ज्याच्याकडे सोनंनाणं नसे त्याला ते आतल्या खोलीत नेत. विचारत, "तुझ्याकडे तुझं असं काय आहे?" शिंपीकाकांनी शीळ ठेवली. शाळेतल्या बाईंनी दुपारची झोप ठेवली. माणूस आत जाऊन ती गोष्ट शेवटची एकदा करी, बाबा दार लावून घेत, आणि कर्ज फिटेपर्यंत ती त्याला पुन्हा जमत नसे. कागद नाही, सही नाही. नुसती रिकामी फडताळं, आणि आपल्याला तिथे जायची बंदी.

मी ते दार उघडलं. शिंपीकाका आत गेले आणि शीळ घालतच बाहेर आले. माणूस म्हातारा, शीळ मात्र तरुण. आत पडून पडून तिचं वय वाढलंच नव्हतं. त्यांच्या बायकोने कानांवर हात ठेवले. बाई आत गेल्या त्या बाहेर येईनात. बघतो तर उंबऱ्यातच घोरत होत्या. लोक हसले. मीही हसलो.

सगळे आपापलं घेऊन गेले. शेवटी पुकारकाका आले, बाजारात लिलाव पुकारायचे ते. बायकोच्या ऑपरेशनसाठी त्यांनी आवाज ठेवला होता. बायको वाचली, पण त्यानंतर त्यांच्या तोंडून स्वतःचं नाव तिने कधी ऐकलं नाही. गेल्या वर्षी ती गेली. ते आत गेले, बराच वेळ उभे राहिले, आणि बाहेर आले ते तसेच, मुके. त्यांचं तारण तिथे नव्हतं. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. रागाने नाही. आपली छत्री दुसऱ्याच्या हातात दिसली की माणूस बघतो, तसं.

"शोधतो मी, काका. असेल कुठेतरी," मी म्हणालो. त्यांनी मान तिरकी करून ते ऐकलं, नुसता आवाज ऐकावा तसं. तेव्हापासून रोज दुपारी आपल्या पायरीवर येऊन बसतात.

किती टाळणार? लहानपणी मला स्वतःचं नावही धड सांगता येत नसे. माझी वाक्यं तू पुरी करायचीस. मग एका दुपारी बाबांनी मला आतल्या खोलीत नेलं, आणि बाहेर आलो तो घडाघडा बोलत. तू दाराशी होतीस. पुढे माझ्या एकाही सभेत तू पहिल्या वाक्यापलीकडे थांबली नाहीस. मला वाटायचं, तुला माझा हेवा वाटतो. गहाण आलेली वस्तू वापरायची नाही, हा सावकारीचा पहिला नियम. बाबांनी तो एकदाच मोडला, पोटच्या पोरासाठी.

रविवारी मोठी सभा आहे. विषय व्याजच. आवाज परत केला तर उरतो तो तोतरा मुलगा, या वयात. काय करू ते कळव. नको, कळवूस नको. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे.

तुझा,
भाऊ

१६ मार्च, रविवार

ताई,

आज मी सभेला गेलो नाही.

काल दुपारी पुकारकाकांना आत नेलं आणि दार लावलं. शेवटचं करायचं म्हणजे भाषणच. ते केलं, कधी नव्हे इतकं चांगलं. शेवटच्या वाक्याला घसा गार पडला, तोंडातला बर्फाचा खडा कुणी अलगद काढून घ्यावा तसा. मग अंधारातून माझा आवाज म्हणाला, "मुद्दल पोचलं. आता व्याजाचं बोला."

मी बोलायला गेलो. व्या, व्या, असं करत राहिलो. त्यांनी घाई केली नाही.

"व्याज म्हणजे पाप, असंच ना?" ते म्हणाले. "आवाज गेल्यावर बाजार झाडायला लागलो, तेव्हा ऐकायचो मी. छान सांगायचात. बायकोलाही घेऊन यायचो. ती डोळे मिटून ऐकायची तुमचं. घरी आल्यावर मात्र माझ्याकडे बघायची नाही."

वाचलेलं सगळं आठवून पाहिलं, ताई. दुसऱ्याची वस्तू जन्मभर वापरायची, तिच्यावर नाव कमवायचं, आणि शेवटी ती जागेवर ठेवून हात झटकायचे, याला काय म्हणतात? सावकाराचं व्याज पाप आहे, हे मी मरेपर्यंत म्हणेन, तोतरं का होईना. पण समोर उभा होता तो सावकार नव्हता. सावकार त्या खोलीत दुसराच होता. मी मान डोलावली.

व्याज त्यांनीच ठरवलं. रोज दुपारी ते पायरीवर बसून बायकोला नावाने हाक मारणार. कुणीतरी ओ द्यायची. बस्स. "कि, कि, किती दिवस?" मी विचारलं.

"हाका साचल्यात," ते म्हणाले.

आज त्यांनी पहिली हाक मारली. 'ओ'वर जीभ अडत नाही. मी दिली. पण बाहेर पडली ती बाईची ओ होती, जराशी कापरी, दुरून आल्यासारखी. पुकारकाका दचकले नाहीत. माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीच्या दाराकडे बघत म्हणाले, "उशीर केलास." मी मागे वळून पाहिलं नाही.

ते पुन्हा हाक मारताहेत. उठायला हवं. तू आलीस तर फाटकातून मला हाक मारू नकोस. जवळ येऊन हात धर. ओ कोण देईल, याचा आता मलाच भरवसा नाही.

अजून तरी तुझाच,
भाऊ