अव्वाचा घास

३ फेब्रु., मंगळ.
सात रस्ता चौकामागच्या घरी गेले. नवी पेशंट. अव्वा, स्मृतिभ्रंशाची शेवटची पायरी. बोलणं बंद, ओळख बंद, आता गिळणंही विसरत चाललीय. लेक महादेवी दुधनीहून येऊन राहिलीय. मुलगा मल्लिनाथ, कापडाचं दुकान. त्याचं एकच, "सिस्टर, नाकातनं नळी घाला की. खर्चाचं बघू नका." म्हटलं, या आजारात नळीनं आयुष्य वाढत नाही. पेशंट नळी ओढून काढतात म्हणून हात मात्र बांधून ठेवतात. ऐकतोय कुठला! सोमवारची अ‍ॅडमिशन ठरवून बसलाय. बघतेच मी पण.

५ फेब्रु., गुरु.
अव्वाला ठसका, ताप, छातीत घरघर. डॉ. औषध देऊन गेले. कारण कळलं आणि डोकंच फिरलं. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा तोंडात चमचाभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, घालतोय. झोपलेल्या माणसाच्या! आपल्या हातचा शेवटचा घास म्हणे.
महादेवीला ओरडले. ती माझ्यावरच उलटली, "रिकाम्या पोटी पाठवू व्हय अव्वाला? तुमी मारायलाच बसलाय." लागलं मनाला. उठले नाही तरी. म्हटलं, ताई, जेवत नाही म्हणून ती चाललेली नाही. ती चाललीय, म्हणून जेवण नको झालंय.
पटलं नसावं.

७ फेब्रु., शनि.
ताप उतरला, हुश्श! पाहुण्यांना नवी रीत लावून दिली. घास नाही, हातापायाला तेल लावा. अव्वाचे धाकटे भाऊ कुरकुरले, "हे काय नवीन खूळ?" मग तेच पाय चोळत बसले, उठेनात.
अव्वा जागी होती. नीट बसवून महादेवीनं दहीभात भरवला, मऊ कालवून. दोन चमचे घेतले. तिसऱ्याला तोंड फिरवलं. महादेवीचा हात तिथंच.
"बास म्हणतीया," म्हणाली आणि हुंदका फुटला. मलाही आवरलं नाही.

८ फेब्रु., रवि.
दुकानात जाऊन मल्लिनाथला गाठलं.
"लोक म्हणतील, आईला उपाशी ठेवली."
"लोक बोलून घरी जातील. बांधलेले हात तुम्हाला बघावे लागतील."
मग विचारलं त्यानं, "तुमची आई असती तर?"
नळी घातली नसती म्हटलं. आणि मनाला खात राहिलं असतं. खोटं कशाला बोलू?
गिऱ्हाईकाकडे वळला. अ‍ॅडमिशन मात्र रद्द केली नाही.
संध्याकाळी महादेवीचा फोन. दबक्या आवाजात, "मल्लिनाथअण्णाला बसवलंय अव्वाला भरवायला. लई वर्सांनी बसलाय तिच्याजवळ. मी काय बोलत न्हाय. ती तोंड फिरवंल तवा त्यालाच कळू दे."
उद्या दवाखान्याची गाडी यायच्या आधी पोचायचं.