डाव्या दांडीचा स्क्रू

९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. मी आपल्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू मुद्दाम सैल केला. डाव्या दांडीचा. बाबा आत तपासणीच्या खोलीत होते, गिऱ्हाईक आरशात बघत होतं आणि चष्मा नि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात होते. फिरला हात.

गिऱ्हाईक म्हणजे मुलगी आहे. हसू नकोस. या वर्षी आमच्या शाळेत नवीन आलीय, गोल काचांची फ्रेम लावते, म्हणून मी मनातल्या मनात तिला गोलकाच म्हणतो. नंबर काढायला आली तेव्हा बाबांनी तिला तक्ता वाचायला लावला आणि मी पडद्यामागून चुकीची अक्षरं पुटपुटत होतो. बाकीची गिऱ्हाइकं चिडतात. तिने माझीच अक्षरं ठणठणीत आवाजात वाचली. बाबांनी तिला जवळजवळ आंधळी ठरवलं होतं. मग चष्मा न्यायला आली, तेव्हा ती परत यावी म्हणून मी एवढंच केलं. ती आली, मी स्क्रू आवळून दिला, विषय संपला.

पण संपला कुठे! ती पुन्हा आली, तोच स्क्रू सैल. आईशप्पथ, या वेळी मी काही केलं नव्हतं. घट्ट आवळून दिला. परवा पुन्हा हजर. म्हणजे पहिल्या वेळी मी आटेच खराब केले असणार. त्या फ्रेमची काचसुद्धा त्याच स्क्रूवर धरलेली असते. ती सायकलने शाळेत येते. उतारावर काच निखळली तर? समोरून ट्रक आला तर? दिवसभर डोक्यात तोच ट्रक. काल वर्गात छाती धडधडायला लागली, हात थरथरले, श्वास पुरेना. वाटलं, गेलो आपण. पोरांना वाटलं मी कोणाची तरी नक्कल करतोय. टाळ्या वाजवल्या गाढवांनी.

एकट्या पंक्चरला कळलं. पंक्चर म्हणजे आपल्या दुकानासमोर सायकलचं दुकान आलंय, त्यांचा मुलगा, माझ्याच वर्गात आहे. तोंडातून शब्द काढायला त्याला कष्ट पडतात. तो मला नळापाशी घेऊन गेला आणि माझा श्वास जागेवर येईपर्यंत नुसता बाजूला उभा राहिला.

आई विचारते, चेहरा का उतरलाय. मी गणिताचं नाव सांगतो. तिला लगेच पटतं. तू नर्स होणार आहेस, तर मला काय झालंय ते सांग.

लोभ आहेच, तो हे पत्र वाचूनही थोडा उरावा.

तुझा,
माकड

१४ जुलै

चि. माकडास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

धपाटा स्क्रूसाठी. माणसं डोळे आपल्या हातात देऊन जातात, असं बाबा म्हणतात तेव्हा तू जांभया देत असतोस. आता कळलं ना?

तुला झालं ती भीती आहे रे. ती अंगात शिरली की छातीत ढोल वाजवते, पण ढोल वाजवून कोणी मरत नाही. मला कसं माहीत? पहिल्या वर्षी वॉर्डात पाय ठेवला की माझंही हेच व्हायचं. मी चादरींच्या खोलीत जाऊन दार लावून बसायचे आणि डोळे मिटून आपल्या दुकानातला तक्ता वाचायचे. वरचं मोठं अक्षर, एक लांब श्वास. मग खालची ओळ. अक्षरं बारीक होत जातात, तसा श्वासही हळू करायचा. तळाच्या ओळीपर्यंत ढोलवाला दमतो. करून बघ. हे घरी बोलू नकोस, आई पहिल्या गाडीने मला न्यायला येईल. तुझं मात्र आईला सांग. वारंवार व्हायला लागलं तर डॉक्टरकडे जायचं, त्यात लाजायचं काय?

आणि हट्टी स्क्रूवर बाबा नेलपॉलिशचा थेंब टाकतात, विसरलास? दुकानातली बिनरंगाची बाटली सुकली असेल तर माझ्या कपाटात एक बाटली आहे. थेंब वाळला की स्क्रू हलत नाही.

गोलकाच हसते कशी, ते पुढच्या पत्रात लिही.

पंक्चरला माझा नमस्कार. असा मित्र सोडू नकोस.

तुझी काळजी करणारी (आणि आता कपाटाचीही काळजी लागलेली),
ताई

२२ जुलै

ती. ताईस,
सा. न.

तुझी बाटली भडक लाल निघाली. तरी टाकला थेंब. तिच्या चष्म्यावर कुंकू लावल्यासारखा ठिपका दिसायला लागला. ती आरशात बघून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसते कशी विचारलंस ना, आधी आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. मग एकदम फुटते. त्या दिवशी मी घरी चालत गेलो की उडत गेलो, सांगता येणार नाही.

आणि काल शाळेच्या पायऱ्यांवर तिची काच निखळून पडली. पुढची पायरी दिसली नाही, ती कोसळली. गुडघा फुटला. मी वरच उभा होतो. ट्रक नव्हता एवढंच.

मी काच आणि चष्मा उचलून दुकानात पळत आलो. पाहिलं तर स्क्रू अर्धा बाहेर आणि लाल ठिपक्याचा मागमूस नाही, स्क्रूची जागा नवी असल्यासारखी चकचकीत. बाबांनी नवीन स्क्रू बसवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले की काही दिवस तू नुसत्या काचा पूस, हत्यारांना हात लावू नकोस. मी मागच्या खोलीत गेलो आणि पुन्हा तेच सुरू झालं. तक्ता आठवेना. पंक्चर आला, माझ्या पाठीला पाठ लावून बसला आणि मोठ्याने श्वास घ्यायला लागला, सायकलच्या पंपासारखा. मी त्याच्याबरोबर घेत गेलो.

ताई, माझ्या हातातच खोट आहे. मी आवळलेलं काही टिकत नाही. ती उद्या रस्त्यावर पडली तर? मी आता दुकानात जाणार नाही. तिच्यासमोरही नाही. आईला यातलं अर्धं सांगितलंय. तिने गणिताची शिकवणी बंद केली.

घाबरलेला,
माकड

२६ जुलै

चि. माकडास,
आशीर्वाद.

घाईत लिहितेय, ड्यूटीवर जायचंय. अरे शहाण्या, लाल ठिपका गेला कुठे? स्क्रू आपोआप सैल झाला तर नेलपॉलिश तडकते, टवके उडतात, लाल रंग खाचेत अडकून राहतो. चकचकीत पुसली जायला रिमूव्हर लागतं, आणि ते कापसाला लावून कोणाला तरी हाताने पुसावं लागतं. तुम्हा मुलांना हे कधी कळायचं?

तुझ्या हातात खोट नाही. असलीच तर डोक्यात. पण गोलकाचला जाब विचारायच्या आधी तुझा पहिला स्क्रू तू कबूल कर. तो तुझाच आहे. आणि जे काही होईल ते दुकानात जाऊनच होईल.

उत्तराची वाट बघत,
ताई

२ जुलै

ती. ताईस,
साष्टांग, म्हणजे खरोखरचा, जमिनीवर आडवा पडून.

तुझं पत्र वाचून मी दुकानात गेलो. बाबा जेवायला घरी गेलेले. ती आली, गुडघ्याला पट्टी. तिला बघितल्याबरोबर ढोल सुरू. तोंड उघडलं तर आवाज नाही. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत वरचं अक्षर कसंबसं वाचलं. मग दुसरं. माझ्या शेजारी उभी राहून तीही वाचायला लागली, आणि बरोबर नाही हं, त्या पहिल्या दिवशीची माझी चुकीची अक्षरं, सगळी, ओळीने! तिला पाठ होती. मला हसू फुटलं आणि श्वास आपोआप आला.

मग मी माझा स्क्रू सांगितला. सगळा. नंतर लाल ठिपक्याचं विचारलं, तर तिचाच चेहरा त्या ठिपक्यासारखा झाला. पहिला सोडला तर बाकीचे सगळे तिचे, ताई! तिच्या आईचं रिमूव्हर आणि फळं कापायच्या सुरीचं टोक. म्हणाली की नव्या शाळेत तिच्याशी कोणी बोलत नाही, इथे निदान हसायला मिळतं, पण नुसतं कसं यायचं, कारण नको? त्या दिवशी जरा जास्तच फिरवला. पडली त्यापेक्षा, माझं नाव खराब झालं म्हणून जास्त रडली म्हणे. मी विचारलं की नुसतं आलं तर काय होतं. ती म्हणाली की तू तरी स्क्रूला हात न लावता ये म्हणाला होतास का.

तेवढ्यात बाबा आले. ती पटकन म्हणाली की हा नवा स्क्रू एकदा यालाच काढून पुन्हा बसवू दे. बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझे हात थरथरतच होते. थांबलेच नाहीत. तरी स्क्रू बसला, ताई, थरथरत थरथरत बसला. बाबांनी टेबलावरचा दिवा माझ्या बाजूला सरकवला.

धडधड गेलेली नाही. कालही आली. शनिवारी आई मला डॉक्टरांकडे नेणार आहे आणि मला आत्तापासून डॉक्टरांचीच भीती वाटतेय. पण बाहेरच्या बाकावर पंक्चर येऊन बसणार आहे. गोलकाचही येते म्हणाली. आता ती कारण नसताना येते.

तर ताई, पाया पडतो, नाक घासतो, तुझ्या कपाटाला जन्मात हात लावणार नाही, पण हे कोणाला म्हणजे कोणाला सांगू नकोस. बाबांना तर नाहीच. त्यांनी स्क्रू कच्चे म्हणून अख्खं पाकीट व्यापाऱ्याला परत पाठवलंय आणि वर त्याला चार शब्द सुनावलेत. त्याला मी एक दिवस गाठून माफी मागणार आहे, जरा मन घट्ट झालं की. आईलाही नको. पंक्चरला सांगायची गरज नाही, त्याला समोरच्या दुकानातून आधीपासून सगळं दिसत होतं, फक्त कोणी विचारलं नाही म्हणून बोलला नाही. तुझी चादरींची खोली मी पोटात ठेवलीय. तू माझा स्क्रू ठेव. ठेवशील ना गं?

तुझाच,
माकड